भाचा, समीकरणं आणि ते 'पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं'

भाचा आठवीत. समीकरणं जमत नाहीत म्हणून ताईनं माझ्याकडे पाठवला. क्ष + ७ = १२ फटाफट, ३क्ष + ७ = २२ पण झालं, क्ष बरोबर पाच, म्हटलं चला लवकर सुटलो. आणि मग आलं −३क्ष = १२.

यानं लिहिलं क्ष = ४. का रे? तर म्हणे मामा, वजा तीन पलीकडे गेला की अधिक तीन होतो, क्लासमध्ये असंच सांगितलंय. बरं, मग ३क्ष = १२ चं उत्तर काय? ते पण चार! दोन वेगळ्या गणितांना एकच उत्तर आणि पठ्ठ्याला त्यात काही खटकतच नाही. ताळा करायला लावला, वजा तीन गुणिले चार वजा बारा, समोर अधिक बारा, तरी म्हणतो पण नियम तर तोच आहे ना. क्लासवाल्यांचा असला राग आला सांगू! अरे पलीकडे काहीही जात नसतं. दोन्ही बाजूंना आपण एकच क्रिया करतो. दोन्हीकडून सात वजा केले म्हणून +७ तिकडे −७ दिसतो, बास. इथे वजा तीन क्षला गुणाकाराने चिकटलाय, तर तो भागूनच निघणार, आणि भागायचं ते वजा तीननेच, चिन्हासकट. उत्तर वजा चार. एवढं गळी उतरवेपर्यंत ताईचे जेवायला या म्हणून दोन फोन येऊन गेले.

शेवटी कामाला आला तो 'मनात एक संख्या धर' वाला खेळ. धरली, तीनने गुणली, सात मिळवले, आले बावीस, आता उलटा चालत ये. जे शेवटी केलं ते आधी काढायचं, म्हणून आधी सात, मग तीन. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) हीच रीत आहे, व्यस्तविधी म्हणून, गुणलं असेल तर भागा, मिळवलं असेल तर वजा करा, वर्ग असेल तर मूळ काढा. पलीकडे-बिलीकडे काही नाही त्यात.

मग क्ष/४ − २ = ३ त्यानं स्वतःच सोडवलं, वीस, आणि न सांगता ताळाही केला. मीच जास्त खूश झालो.

हां, एक राहिलंच, बरोबरची चिन्हं एकाखाली एक येतील असं लिहायला लावा, पेपरात स्टेप्सचे मार्क असतात.