तुम्ही विचारलंत म्हणून: केमोसोबत कॅल्शियम-मॅग्नेशियमची सलाईन

ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध सुरू झालं की नातेवाईक हमखास विचारतात, ‘हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून कॅल्शियम-मॅग्नेशियमची सलाईन असते म्हणे, मग आम्हाला का लावत नाही?’ कारण तिचा उपयोग होत नाही, आणि हे नीट तपासून झालंय.

कल्पना मात्र चुकीची वाटावी अशी नव्हती. या औषधातून शरीरात ऑक्झलेट नावाचं रसायन सुटतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि त्यामुळे नसांमधलं सोडियमचं येणं-जाणं बिघडतं, असा कयास होता. म्हणून औषधाच्या आधी आणि नंतर कॅल्शियम ग्लुकोनेट व मॅग्नेशियम सल्फेट, प्रत्येकी 1 ग्रॅम, शिरेतून देत. 2004 साली फ्रान्समधल्या एका अभ्यासात फायदा दिसला, पण तो जुन्या नोंदी चाळून केलेला होता. पुढे 2014 साली 353 पेशंटचा मोठा अभ्यास आला. कुणाला खरी सलाईन, कुणाला औषध नसलेली दिखाऊ सलाईन, आणि कुणाला काय मिळतंय हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. मुंग्या, बधिरपणा, थंडीचा त्रास, कशातच फरक पडला नाही. तेव्हापासून ही सलाईन देऊ नये असंच मार्गदर्शन आहे.

एक गोष्ट वेगळी ठेवा. सिस्प्लॅटिन या केमोच्या दुसऱ्या औषधासोबत मॅग्नेशियम देतात किंवा रक्तात ते कमी झाल्यावर भरून काढतात, ते योग्यच आहे. ते नसांसाठी नसतं.

मग नसा वाचतात कशाने? वेळेवर डोस कमी केल्याने किंवा थांबवल्याने. त्यासाठी दोन त्रास ओळखता यायला हवेत. पहिला लगेचचा: थंड पाणी प्यायल्यावर घसा आवळल्यासारखं होतं, फ्रीजमधली बाटली धरली की बोटांना झिणझिण्या येतात. हा बहुधा काही दिवसांत ओसरतो. थंड टाळायचं, आणि घशाचा त्रास फार असेल तर पुढचा डोस 2 तासांऐवजी 6 तासांत देतात. (अंगावर पुरळ, धाप किंवा चक्कर असेल तर ती ॲलर्जी असू शकते; तिथल्या तिथे नर्सला सांगा.)

दुसरा साठत जाणारा, आणि खरी काळजी याचीच. दर पंधरवड्याला शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 85 मिलिग्रॅम असा डोस असेल, तर साधारण नवव्या सायकलच्या (केमोच्या फेरीच्या) आसपास तो ठळक होतो. इथे खूण एकच पाहा: मुंग्या पुढच्या सायकलपर्यंत थांबल्या का? थांबल्या नसतील तर केमोची सलाईन लावण्याआधी सांगायचं. ‘थोडं बधिर वाटतं’ एवढ्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. शर्टाचं बटण लागत नाही, सही बिघडली, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, असं सांगा. त्यावरून डोस 75 किंवा 65 वर आणतात, नाहीतर हे एक औषध काढून बाकीची चालू ठेवतात. केमो बंद होईल या भीतीने पेशंट गप्प बसतात, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

औषध थांबल्यावरही दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त, त्रास वाढत जातो. म्हणून अगदी असह्य होईपर्यंत थांबू नका. बधिरपणासोबत वेदना राहिल्या, तर ड्युलोक्झेटिन या औषधाचा उपयोग होतो असा पुरावा आहे: आठवडाभर रोज 30 मिलिग्रॅम, मग 60. ते डॉक्टरांना विचारूनच सुरू करायचं, आणि एकदम बंद करायचं नाही.