तीन चौकटींतला पळस

अप्पांच्या खोलीतल्या खिळ्यावर चौदा वर्षांची कालनिर्णयं एकावर एक टांगलेली होती. रद्दीसाठी काढली, तर चौकटीचौकटींत बारीक अक्षरात दुधाचा हिशेब, आणि त्याखाली भलतंच: 'पावशा ओरडला', 'ओढ्याला पाणी', 'पळस पेटला'. ३० सप्टेंबर १९९३ च्या चौकटीत नुसतं 'जमीन हलली. लेकरं अंगणात.' दूध त्या दिवशीही दोन लिटर.

हे सगळं अंबाजोगाईजवळच्या, बालाघाटच्या उतारावरच्या आमच्या पडीक रानाबद्दल. पळस, हिवर, बाभळी, मधेमधे सीताफळं. रान म्हणायचं तेही मोठेपणा देऊन.

पुतण्या प्राणिशास्त्र शिकतो. "काका, हे रद्दीत घालायलाव?" म्हणून तो तिथंच फरशीवर बसला. मग ऑक्सफर्डजवळच्या वाइटम नावाच्या रानाचं सांगू लागला. डेव्हिड लॅक यांनी १९४७ मध्ये तिथं ग्रेट टिट या चिमणीएवढ्या पक्ष्याच्या नोंदी सुरू केल्या, त्या अजून चालू आहेत. झाडांवर हजारावर लाकडी पेट्या, आणि कुठल्या पेटीत पहिलं अंडं कधी पडलं, त्याची तारीख. आता ते पक्षी तेव्हापेक्षा सुमारे तीन आठवडे आधी अंडी घालतात. वसंत लवकर तापतो, ओकला पालवी लवकर येते, पालवीवर अळ्याही लवकर. आणि पिलांची तोंडं नेमकी अळ्यांच्या दिवसांत उघडायला हवीत. त्याच रानात चित्रकारही वह्या घेऊन बसतात म्हणे.

मला नवल वाटलं ते पेट्यांचं नाही, रोज उठून त्याच झाडापाशी जाणाऱ्यांचं. अप्पांना तर हे कुणी सांगितलंही नव्हतं. (बाजारातून कोथिंबीर आणायची मात्र हमखास विसरायचे.)

पुतण्या तारखा लॅपटॉपवर चढवू लागला. मार्च १९९६ ला अडला. तिथं अक्षर नाही, चित्र. अप्पा मास्तर, त्यांच्या लाल-निळ्या पेन्सिलीत केशरी कुठलं? लालानंच भागवलेलं. पळसाची डहाळी ६ तारखेपासून ८ पर्यंत खाली उतरलेली, टोकाला पोपटाच्या चोचीसारखं वाकडं फूल. तीन दिवसांचं दूध डहाळीखाली गडप.

"काका, यातली कोणती तारीख धरू?"

"नीट बघ की. सहाला कळ्या आहेत. फूल आठला."

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि पान डोळ्यांजवळ नेलं.