पायातली चप्पल

आज पुतणीकडे हळदीकुंकू होतं. गणपती मंदिराजवळून चालताना मागून एक बाई ओरडली, "काकू, चप्पल मागंच राहिली की ओ!" पायाला पत्ताच नाही. केमोतल्या पॅक्लिटॅक्सेल या औषधाने कॅन्सरबरोबर स्पर्श कळवणाऱ्या नसाही दुखावल्या. सगळ्यात लांबच्या नसा आधी, म्हणून बधिरपणा बोटांच्या टोकांपासून. केमो संपली तरी काहींचा तो वर्षानुवर्षं राहतो. पण केस परत आलेत ना, म्हणजे लोकांच्या लेखी मी ठणठणीत! ब्लाऊजचे हूक लागत नाहीत, हातातली वाटी निसटते. मग 'डोकं दुखतंय' सांगून कार्यक्रम टाळायचे. (बिचारं डोकं उगाच बदनाम.) आज पुतणीने तिळगूळ हातावर न ठेवता सरळ तोंडात घातला आणि गप्पा पुढे चालू. पुढची भिशी माझ्याकडे आहे. चहा मोठ्या कानाच्या मगातच मिळेल, कपबशीचा हट्ट कुणी धरू नये.