भाड्याच्या संगणकांपुढे टिकेल असं वायफाय: माझा अनुभव

सोसायटीच्या ऑफिसचा वायफाय पासवर्ड म्हणजे एक मोबाइल नंबर होता. तो का बदलायचा, हे समितीला मी हिशेब मांडून दाखवलं.

डब्ल्यूपीए२ या वायफायच्या नेहमीच्या सुरक्षा पद्धतीत फोन राउटरला जोडताना चार संदेशांची देवाणघेवाण होते. आसपासचा कुणीही ती हवेतून टिपू शकतो. मग पासवर्डाचे अंदाज तो त्या संदेशांशी स्वतःच्या मशीनवर पडताळतो, राउटरला पत्ताही लागत नाही. अडथळा एकच: प्रत्येक अंदाजामागे ४०९६ फेऱ्यांचं गणित.

ते गणित केव्हाच भाड्याने मिळू लागलं. २००९ मध्ये सुरक्षा संशोधक मॉक्सी मार्लिनस्पाइक यांची क्लाउड सेवा साडेतेरा कोटी शब्द वीसेक मिनिटांत तपासायची, ३४ डॉलरमध्ये. २०११ मध्ये थॉमस रोथ या दुसऱ्या संशोधकांनी ॲमेझॉनची भाड्याची मशीन वापरून सेकंदाला ४ लाख अंदाज गाठले, खर्च मिनिटाला २८ सेंट. आपले मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे शक्यता ४०० कोटी. रोथ यांच्या वेगाने पावणेतीन तास, पन्नास डॉलरच्या आत! आजचं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड तेच अर्ध्या तासात उरकतं.

म्हणून ७७७६ शब्दांची यादी घेतली आणि फासे टाकून पाच शब्द निवडले. फासेच हवेत, मनाने निवडलेले शब्द आपल्या नावागावाभोवतीच घुटमळतात. असे पाच शब्द शोधायला हजार कार्डं लावली तरी सगळ्या शक्यता संपायला चारशे वर्षं जातील. मर्यादा ६३ अक्षरांची, त्यात हे सहज मावतं.

बदल लॅन केबल लावून केले, नाहीतर सेव्ह करताच आपणच बाहेर पडतो. नेटवर्कचं नावही बदललं: ते गणितात मिसळलं जातं, त्यामुळे कंपनीच्या ठरावीक नावांसाठी आधीच करून ठेवलेले उत्तरांचे तक्ते निरुपयोगी ठरतात. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डाऐवजी बटण किंवा पिनने जोडण्याची सोय, बंद केलं. त्याचा आठ आकडी पिन जेमतेम ११,००० प्रयत्नांत सापडू शकतो, मग पासवर्ड कितीही लांब असो.

डब्ल्यूपीए३ ही नवी पद्धत लावल्यावर टिपलेल्या संदेशांवर असे अंदाज चालत नाहीत. पण जुना प्रिंटर जोडला जाईना. दोन्ही पद्धती चालवणारा मिश्र मोड ठेवला असता तर डब्ल्यूपीए२चं दार त्याच पासवर्डावर उघडं राहिलं असतं. त्यामुळे प्रिंटरला डब्ल्यूपीए२चं वेगळं गेस्ट नेटवर्क दिलं आणि त्याच्या पासवर्डासाठी पुन्हा फासे टाकले.