शेवग्याचा पाला अन् ऐकू न येणारा आवाज

आज कॉलेजच्या प्रयोगशाळेत बांधावरच्या शेवग्याचा पाला घेतला. सावलीत वाळवलेला, कारण कडक उन्हात अँटिऑक्सिडंट्स (पेशींना इजा करणाऱ्या फ्री रॅडिकल्सना शांत करणारी द्रव्यं) कमी होतात. भुकटी पाणी-अल्कोहोलात मिसळून अल्ट्रासाउंडच्या टाकीत ठेवली. 20 किलोहर्ट्‌झच्या वरचा हा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. पण द्रवात त्याने सूक्ष्म बुडबुडे तयार होतात, फुटतात आणि पानाच्या पेशीभित्ती फोडतात. क्वेर्सेटिनसारखी अँटिऑक्सिडंट द्रव्यं फार न तापवता, कमी वेळात बाहेर येतात.

मग अर्क डीपीपीएच या जांभळ्या रसायनाच्या द्रावणात टाकला; अँटिऑक्सिडंट्स असले की त्याचा जांभळा रंग जातो. रंग पिवळा पडत गेला तशी पोरं टेबलाभोवती गोळा झाली. यवतमाळकडची ही पोरं, कापूस-तूर तोंडपाठ. बांधावरच्या पाल्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. एकीने लगेच विचारलं, "सर, उद्या कडुनिंबाचा पाला आणू काय?"

आण म्हटलं, पळसाचाही आण.