नस्तीवरचा एक शेरा

शहराचे निर्णय ज्यांच्या हाती असतात, ते महापौर, विरोधी पक्षनेते, आयुक्त, वीज आणि दूरसंचार कंपन्यांचे प्रमुख, व्यापाऱ्यांचे व नागरिकांचे प्रतिनिधी यांना एका टेबलाभोवती आणून सामाईक प्रश्नावर काम करायला लावणे हा माझा व्यवसाय आहे. कागदोपत्री मला समन्वयक म्हणतात. हे काम बैठकीत होते असा सर्वसाधारण समज असला, तरी बैठक हा त्यातला सर्वांत लहान भाग असतो. त्याआधी मी प्रत्येकाला एकेकटे भेटते आणि दोन गोष्टी विचारते: कोणासमोर कोणता विषय बोलणे तुम्हाला अशक्य आहे, आणि यापूर्वी तुम्हाला दिलेला शब्द कोणी फिरवला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा नाव, प्रसंग आणि तारखेसह मिळते. विकासकामांच्या मुदती विसरणाऱ्या माणसांची या एका बाबतीतली स्मरणशक्ती थक्क करणारी असते.

बैठकीचे नियमही ठरलेले आहेत. स्वीय सहायक आणि छायाचित्रकार बाहेर थांबतात, कारण कॅमेरा दिसताच माणूस समोरच्याशी न बोलता मतदारांशी बोलू लागतो. ज्यांचे पटत नाही त्यांना मी समोरासमोर न बसवता शेजारी बसवते. कागद दोघांना एकाच बाजूने वाचावा लागला की निम्मा आवेश ओसरतो. निर्णय, जबाबदार व्यक्ती आणि मुदत यांची नोंद इतिवृत्तात नावानिशी होते, चर्चेची मात्र नावाविना. चर्चेसाठी आम्ही लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेचा १९२७ पासून चालत आलेला नियम वापरतो. पुष्कळांना तो गुप्ततेचा नियम वाटतो, पण तसा तो नाही. बैठकीत कळलेली माहिती बाहेर वापरण्याची त्यात मुभा आहे. ती कोणी दिली, तो कोणत्या संस्थेचा होता आणि बैठकीला आणखी कोण होते, एवढेच सांगायचे नसते. पुढे जे घडले ते या फरकामुळेच घडले.

विषय रस्ते खोदाईचा होता. एकच रस्ता पाणीपुरवठा विभाग खोदतो, तो बुजवून डांबरीकरण झाले की वीज कंपनी खोदते, नंतर दूरसंचारवाले येतात. सर्वांनी वर्षाची कामे आधी जाहीर करावीत आणि शक्य तिथे एकाच खोदाईत उरकावीत, हा उपाय जगभर माहीत आहे आणि आमच्या टेबलावरही त्याला कधीच कोणी विरोध केला नव्हता. माना डोलत होत्या, पण वेळापत्रक मात्र कोणी देत नव्हते. विरोध असता तर तो निदान हाताळता आला असता. सर्वसंमतीत मुरलेल्या टाळाटाळीवर माझ्या व्यवसायात औषध नाही.

कारण अखेर मुख्य पाणीपुरवठा अभियंत्यांनी दाखवले. एका बैठकीत त्यांनी अधिकृत नकाशाऐवजी स्वतःच्या वापरातला नकाशा टेबलावर पसरला. चिकटपट्टीने जोडलेले तुकडे, घड्यांवर विरलेला कागद, व्हॉल्व्हच्या जागी पेन्सिलीच्या फुल्या आणि जुन्या वस्तीतल्या रस्त्यांवर लाल प्रश्नचिन्हे. नोंदवहीत जलवाहिनी रस्त्याच्या डाव्या कडेला असली, तरी खोदल्यावर ती भलतीकडेच सापडते, अशा या जागा. ती नेमकी कुठून गेली आहे हे ज्यांना ठाऊक होते ते फिटर कधीच निवृत्त झाले होते आणि जाताना त्यांच्याकडून कोणी काही लिहून घेतले नव्हते. वेळापत्रक द्यायचे तर नकाशा द्यावा लागणार, आणि नकाशा दिला तर तो चुकीचा आहे हे उघड होणार, म्हणून इतकी वर्षे विभाग गप्प होता.

काही क्षण कोणी बोलले नाही. मग वीज कंपनीचे प्रमुख उठले, चष्मा लावून नकाशावर वाकले, एका चौकावर बोट ठेवले आणि म्हणाले, "साहेब, इथून आमची केबल जाते, आणि ती किती खोल आहे हे आम्हालाही माहीत नाही." त्यानंतर मला बोलावेच लागले नाही. प्रत्येक खाते इतरांपासून एकच उणीव लपवत होते. प्रश्नचिन्हाच्या जागी यंत्र लावण्याआधी हाताने चाचणी खड्डा घ्यायचा आणि त्या वेळी सर्वांचे पर्यवेक्षक हजर राहायचे, असे त्याच बैठकीत ठरले.

पुढच्या सर्वसाधारण सभेत, आमच्या गटात नसलेल्या एका सदस्याने त्या रस्त्यांची यादी वाचून दाखवत प्रशासनाला जाब विचारला. अभियंत्यांचे नाव त्यांनी घेतले नाही, बैठकीचा उल्लेखही केला नाही. नियम अक्षरशः पाळला गेला होता. पण ती यादी शहरात एकच माणूस तयार करू शकत होता, त्यामुळे नाव न घेताही ते सर्वांना कळले. अनधिकृत दस्तऐवज कार्यालयाबाहेर नेल्याबद्दल अभियंत्यांकडून खुलासा मागवण्यात आला. माहिती कोणी फोडली याची चौकशी करण्याचा आग्रह मला अनेकांनी केला. मी ती केली नाही; अशी चौकशी सुरू झाली की गट संपतो. शिवाय सभेत विचारलेला प्रश्न रास्तच होता.

मी अजून ज्याचा विचार करते आहे तो दिवस त्यानंतरच्या बैठकीचा. महापौर खुलाशाची नस्ती स्वतः घेऊन आले आणि काही न बोलता त्यांनी ती टेबलावर फिरवली. अभियंत्यांच्या उत्तराखाली महापौरांच्या हस्ताक्षरात शेरा होता: "सदर नकाशा माझ्या तोंडी सूचनेनुसार बैठकीत मांडण्यात आला." अशी सूचना त्यांनी दिलेली नव्हती. नकाशा मांडला त्याच्या आदल्या संध्याकाळी अभियंता फक्त माझ्याशी बोलले होते आणि महापौरांनी तो नकाशा आम्हा सर्वांबरोबरच प्रथम पाहिला होता. टेबलावरच्या प्रत्येकाला हे समजत होते. विरोधी पक्षनेत्यांना तर महापौरांचे लेखी असत्य आयते हाती आले होते. त्यांनी शेरा दोनदा वाचला, नस्ती मिटली, आयुक्तांकडे सरकवली आणि म्हणाले, "आता वेळापत्रकाकडे वळू या." खुलासा मागवणारे आयुक्तच होते. ते नियमाबाहेर पाऊल टाकत नाहीत आणि नियमाने सुटका होत असेल तर ती नाकारतही नाहीत. त्यांनी प्रकरण बंद केले. वीज कंपनीने आपली वर्षभराची कामे त्याच बैठकीत लिहून दिली आणि पाठोपाठ दूरसंचारवाल्यांनीही दिली.

माझ्या क्षेत्रात अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी संगणक प्रोग्राम एकमेकांशी खेळवून घेतलेल्या स्पर्धांचा दाखला नेहमी दिला जातो. पुन्हा पुन्हा गाठ पडणार असेल तर स्वार्थी पक्षही सहकार्य करू लागतात, असे त्यांतून दिसले. पण संगनमताने भाव ठरवणारे व्यापारीही याच तत्त्वावर एकमेकांना सांभाळून घेतात, हे मात्र कोणी सांगत नाही. त्या दिवशी टेबलावर विश्वास निर्माण झाला की एका खोट्या नोंदीचे आम्ही सारे साक्षीदार झालो, याचा निवाडा मला करता येत नाही. एका प्रामाणिक माणसाची नोकरी वाचली आणि खोदाईचे वेळापत्रक प्रथमच तयार झाले, हे खरे. पण शासकीय नस्तीत न घडलेली गोष्ट घडली म्हणून नोंदली गेली, हेही तितकेच खरे.

बैठकीनंतर नागरिक संघटनेच्या प्रतिनिधी जिन्यात मला म्हणाल्या, "तुम्ही सगळे आज एकमेकांचे झालात, बाई. ज्यांच्या दारात खड्डे पडतात त्यांना मात्र तो नकाशा अजून कोणी दाखवलेला नाही." त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९६५ च्या आपल्या प्रबंधात दक्षिण कॅलिफोर्नियातील भूजल उपसणाऱ्यांचा अभ्यास केला होता. तिथल्या तडजोडीत प्रत्येकाने किती पाणी उपसले याचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध होत, त्यामुळे दुसऱ्याच्या सचोटीवर विसंबण्याची गरजच फारशी उरत नसे.

म्हणून मी लाल प्रश्नचिन्हांसह तो नकाशा, 'माहिती अपूर्ण' असा स्पष्ट उल्लेख करून, सर्वांसाठी खुला करण्याचा प्रस्ताव मांडला आहे. अभियंत्यांनी तत्काळ होकार दिला. विरोधी पक्षनेत्यांचीही हरकत नाही. प्रस्ताव महापौरांकडे अडला आहे आणि त्याचे कारण त्यांनी मला मोकळेपणाने सांगितले: नकाशा प्रसिद्ध झाला की तो बैठकीत कसा आला हे कोणीतरी विचारणार, नस्ती मागवली जाणार आणि ती तोंडी सूचना कोणत्या तारखेला दिली, याचे उत्तर त्यांना द्यावे लागणार.