माध्यान्ह आहार सुधारायचाय? आधी रांधणाऱ्या बायकांना भेटा (माझा अनुभव)

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात सरकारी मराठी प्राथमिक शाळा आहे, माझी मुलगी तिसरीत. शाळेतल्या माध्यान्ह आहारासाठी आम्ही पालकांनी काय काय केलं ते सविस्तर लिहितेय, दुसऱ्या गावांतल्या आयांना नक्की उपयोगी पडेल.

तक्रार अशी की मुलं पाव खायची आणि भाजी तशीच टाकून द्यायची. भाजी पातळ, बटाटा जास्त, कडधान्य शोधावं लागायचं, आणि पाव मैद्याचा. वर गेटसमोरच्या दुकानात चिप्सच्या माळा लटकलेल्या. पालक सभेत सगळे तापले, जेवण रांधणाऱ्या महिला बचत गटाचं काम काढून घ्या, शिक्षण खात्याला पत्र पाठवा, असं सुरू झालं. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या आधी नियम तर बघूया, आणि तेच बरं झालं.

नियम असा आहे की पीएम पोषण योजनेत (माध्यान्ह आहार योजनेला 2021 मध्ये हे नाव आलं) प्राथमिकच्या मुलाला जेवणातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, त्यासाठी 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. मी घरी काट्यावर 20 ग्रॅम अळसांदे (चवळीसारखं कडधान्य) मोजले, मुलीच्या मुठीत मावले, पण रात्रभर भिजवून शिजवल्यावर एका लहान मुलाला पुरेल एवढी उसळ झाली. म्हणजे होण्यासारखं होतं, मग होत का नव्हतं?

ते कळलं गटाच्या स्वयंपाकघरात गेल्यावर. आम्ही तीन-चार आया गेलो, भांडायला नाही, नुसतं बघायला. त्या बायका पहाटे काळोखात उठून अनेक शाळांचं रांधतात, टेम्पोने डबे पाठवतात, आणि बिलं महिनोन् महिने अडकलेली. त्यातली वयाने मोठी काकी म्हणाली, "बाय, नातवंडं आम्हांलाही आहेत, पण दुकानदार उधारीवर अळसांदे किती दिवस देणार? नारळाचा भाव तरी बघितलास?" हे ऐकल्यावर कंत्राट काढून घ्यायचा विषय तिथेच संपला. माझं तर ठाम मत झालंय की गटाला शत्रू धरून मुलांच्या ताटात काही चांगलं येत नाही.

म्हणून भागशिक्षणाधिकाऱ्यांना जो अर्ज दिला त्यात पहिली मागणी गटाचं थकलेलं बिल द्या ही, आणि दुसरी आठवड्यातून दोन दिवस कडधान्याची उसळ ही. सह्या शाळा व्यवस्थापन समितीच्या घेतल्या, कारण शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात 75 टक्के पालक असतात, त्यामुळे ते एकट्या-दुकट्याचं गाऱ्हाणं राहत नाही. अर्जाची पोच घ्या बरं का, नाहीतर पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. आमच्या पंचबाईंनी (पंचायत सदस्य) ग्रामसभेतही विषय मांडला आणि थोडं बिल सुटलं.

बाकी गावाने उचललं. ज्यांच्या मळ्यात तांबडी भाजी (लाल माठ), मुळा, अळसांदे होतात ते सकाळी गटाकडे कच्चा माल देतात, कोणी किती दिला ते वहीत लिहितो. घरून शिजवलेलं मात्र एरवी आणायचं नाही, कोणाला काही झालं तर जबाबदार कोण? वाढदिवस असेल तर तिथी भोजन म्हणून शाळेला आधी सांगून द्यायचं, ते योजनेत चालतं. एका आजीने केकच्या जागी नाचण्याचं तिझन (गोड पेज) दिलं, गूळ आणि नारळाचा रस घालून, पातेलं रिकामं झालं! पोदेराशी (पाववाल्याशी) बोलून आठवड्यातून एकदा पोई, म्हणजे कोंड्याचा पाव, सुरू केली, तिच्यात कोंडा असतो त्यामुळे पोट भरलेलं राहतं, वरचा खर्च पालक मिळून करतो.

वाढण्याआधी शिक्षकाने जेवण चाखायचं हे योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे, आता बाईंबरोबर रोज एक पालकही चाखतो. त्यातूनच कळलं की मुलं उसळ टाकतात ती तिखटामुळे, मिरची कमी करून खोबरं वाढवलं तर खाऊ लागली. सगळी नाही, माझी मुलगी अजून अळसांदे वेचून बाजूला काढते.

गेटसमोरच्या दुकानदार भाऊंना एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) 2020 चा नियम दाखवला, शाळेच्या गेटपासून 50 मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकता येत नाहीत. आधी रागावले, साहजिक आहे, पोट त्यांनाही आहे. मग पालकांनीच त्यांच्याकडून केळी, चणे, शेंगदाणे घ्यायला सुरुवात केली तेव्हा माळा आत गेल्या.

पावसाळ्यात मळ्यातली भाजी नसते म्हणून सध्या परसात लावायला भेंडी, दोडकीचं बी वाटतोय. गटाचं उरलेलं बिल अजून अडकलंय, पुढच्या ग्रामसभेत तो विषय परत घेणार आहोत आणि ह्यावेळी गटाच्या बायकाही आमच्याबरोबर येणार आहेत.